रात्रभर चालू राहिलेलं स्टेशन

(काळा पडदा. रेडिओची खरखर, त्यामागे मंद गिटार.)

हवाई बेटांवरच्या होनोलुलूचं केजीएमबी रेडिओ स्टेशन एरवी रात्री बंद व्हायचं. 6 डिसेंबर 1941 च्या रात्री मात्र गाणी थांबली नाहीत. कॅलिफोर्नियाहून 12 बी-17 बॉम्बर विमानं यायची होती. या लहरींचा माग धरत त्यांनी बेट गाठायचं, अशी अमेरिकी लष्कराने केलेली सोय.

ड्यूटीवर निघालेल्या एका लेफ्टनंटने गाडीत ही गाणी ऐकली. गाणी चालू, म्हणजे आपली विमानं वाटेत! त्यामुळे सकाळी सातनंतर रडारवाल्यांचा फोन आला, उत्तरेकडून मोठा थवा येतोय, तेव्हा तो म्हणाला, काळजी करू नका.

थवा जपानी होता. त्याचा म्होरक्या मित्सुओ फुचिदा तेच स्टेशन लावून पर्ल हार्बरची, होनोलुलूजवळच्या अमेरिकी नौदल तळाची, दिशा धरत होता.

(स्फोट. मग शांतता.)

सात पंचावन्न. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा दुपारचा दीड वाजत आला होता. रविवार. तिथल्या डब्ल्यूओआर स्टेशनवर फुटबॉलच्या सामन्याचं धावतं वर्णन चालू होतं. 2:26 ला ते तोडून निवेदकाने हल्ल्याची बातमी वाचली. चार-पाच मिनिटांत सीबीएस या रेडिओ नेटवर्कवर वृत्तनिवेदक जॉन डेली. स्फोटाचा आवाज नाही, घटनास्थळावरून कुणी बोलत नाही. हातात फक्त वृत्तसंस्थेची तार. पर्ल हार्बर कुठे आलं, हेसुद्धा अनेकांना ठाऊक नव्हतं.

तिकडे होनोलुलूत लोकांना ही नेहमीची कवायतच वाटत होती. हे खरं आहे, खरं आहे, असं निवेदकाला पुनःपुन्हा सांगावं लागलं.

मग होनोलुलूच्याच केजीयू या दुसऱ्या स्टेशनचा एक वार्ताहर मायक्रोफोन घेऊन वर्तमानपत्राच्या इमारतीच्या छतावर चढला. टेलिफोनच्या तारेवरून त्याचा आवाज न्यूयॉर्कच्या एनबीसी या रेडिओ नेटवर्कपर्यंत पोहोचला. ही थट्टा नाही, तो सांगत होता, हे खरंखुरं युद्ध आहे. एवढ्यात मध्येच एक बाई बोलू लागल्या. टेलिफोन ऑपरेटर! तातडीचा कॉल आहे, लाइन हवी. आम्ही न्यूयॉर्कशी बोलतोय, तो म्हणाला. युद्धाचं वर्णन तिथेच अडलं. त्यांना तरी काय दोष द्यायचा? त्या दिवशी त्या लाइनसाठी कोण कोण खोळंबलं असेल.

दुपारी बाराच्या आत लष्कराच्या हुकमावरून होनोलुलूची दोन्ही स्टेशनं बंद झाली. पुन्हा कुणी त्या लहरींवरून वाट काढत येऊ नये म्हणून.

(खरखर. तीही थांबते.)