कोल्ह्याच्या हाती तपास

(दृश्य : ओहोटी. ऐरोलीजवळचा उघडा चिखल, गुलाबी थवा, माना खाली.)

ठाणे खाडीचं पाणी उतरलं की हा चिखल उघडा पडतो आणि फ्लेमिंगो जेवायला बसतात. खरं तर उभे राहतात. चोच उलटी करून पाण्यात घालायची, पाणी गाळायचं, शेवाळं आणि बारीक जीव तेवढे पोटात घ्यायचे. या चोचीने चिंबोरी खाता येत नाही. लक्षात ठेवा, पुढे एका चोरीच्या तपासात हे लागणार आहे.

(दृश्य : क्लबहाउसची फरशी. कागद, स्केचपेनं, गुडघ्यांवर वाकलेली मुलं.)

ऐरोलीतल्या एका सोसायटीचं हे क्लबहाउस. इथे दर शनिवारी आठ-दहा मुलं जमतात आणि रहस्यकथा रचतात. अट एकच : गुप्तहेर प्राणी हवा, आणि तो इथलाच हवा. पेंग्विन चालणार नाही, पांडा चालणार नाही.

पहिल्या खर्ड्यात कोल्हा होता. डोक्यावर टोपी, हातात भिंग, बुडाखाली स्कूटर. मुलांना शिकवणाऱ्या ताईंनी लाल पेनाने आधी टोपी काढली, मग भिंग, मग स्कूटर. शेवटी जो उरला तो शेजारच्या विंगमधला कुणीतरी काका होता, फक्त शेपटीवाला.

हा घोळ जुनाच आहे. अमेरिकेतल्या मुलांच्या पुस्तकांत 1932 साली फ्रेडी नावाचं एक डुक्कर शेरलॉक होम्स वाचून गुप्तहेर झालं. 1958 साली बेसिल नावाचा उंदीर थेट होम्सच्या तळघरात राहायला आला. दोघेही झकास, पण दोघांचाही गुरू माणूस. आपल्याकडे मुलांचा गुप्तहेर म्हटलं की भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवतो, आणि तो तर माणूसच. प्राणी आपल्या गोष्टींत पंचतंत्रापासून रग्गड आहेत, पण तिथे कोल्ह्याकडे तपासाचं खातं कधी आलंच नाही. दमनक नावाचा कोल्हा सिंहाची आणि बैलाची मैत्री मोडतो, दुसरा कोल्हा करटक त्याला समजावत बसतो. तेव्हापासून कोल्हा लबाड तो लबाडच. त्याच्या हाती तपास देणं हीच इथल्या मुलांची पहिली गंमत.

(दृश्य : तिवरांची श्वासमुळं, त्यांच्यामधून गेलेली पावलं. बोटाने दाखवणारा हात.)

नवी मुंबईच्या तिवरांत सोनेरी कोल्हा राहतो. तो काही आमच्या कॅमेऱ्यासमोर आला नाही. त्याचे ठसे आले. नीट पाहा : प्रत्येक बोटाच्या पुढे नखाचं टोक उमटलंय. मांजराचा ठसा असता तर नखं दिसली नसती, मांजर चालताना ती आत ओढून घेतं. कुत्र्याची मात्र दिसतात, त्यामुळे इथे कोल्हा की भटका कुत्रा यावर बराच वाद झाला. तो आम्ही कापलेला नाही.

(नैसर्गिक आवाज. मुलांचा वाद पूर्ण ऐकू द्यावा.)

आता कथा. दिवा कोळीवाड्याच्या काठावर एक टोपली ठेवलीय. आत चिंबोऱ्या, नांग्या सुतळीने बांधलेल्या. दुपारी टोपली रिकामी. संशयित तिघं : वंचक बगळा, मुंगूस आणि एक फ्लेमिंगो.

कोल्ह्याचं हत्यार म्हणजे नाक. पण खाडीत नाकाला मुदत असते. भरती आली की काठावरचा वास धुऊन निघतो, ठसेही जातात. म्हणजे तपासाला घड्याळ लागलं, आणि ते घड्याळ समुद्राचं. मोठ्यांच्या रहस्यकथेत लेखकाला अशी घाई मुद्दाम घडवून आणावी लागते, इथे ती चंद्राकडून मिळते.

(दृश्य : होडीच्या काठावर बसलेले काका, बोटांच्या पेरांवर मोजताना.)

भरती कधी, हे मुलांनी मोबाइलवर शोधलं नाही. कोळीवाड्यातल्या या काकांना विचारलं. काका म्हणाले, तिथीची पाऊणपट करा. आज चतुर्थी ना? चारची पाऊणपट तीन. तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. अंदाजाचा हिशोब, खाडीच्या आत थोडा पुढे-मागे होतो, पण त्यावर होड्या सुटतात. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा का येते तेही त्यातच आलं. काका मोजत असताना दोन वेण्यांच्या त्या मुलीचा चेहरा पाहा. तिला गुन्ह्याची किल्ली सापडलीय.

(तिच्या चेहऱ्यावर थांबावं. निवेदन नाही.)

कथेत फ्लेमिंगो सांगतो, ‘मी दुपारी तीन वाजता खाडीच्या चिखलात जेवत होतो.’ आणि ती तारीख चतुर्थीची. तीन वाजता चिखल कुठला? तो पाण्याखाली. भरतीला हे पक्षी खाडी सोडून नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांवर जाऊन उभे राहतात. म्हणजे पक्षी खोटं बोलला. पण चोर तो नाही, त्याची चोच आपण सुरुवातीलाच पाहिली. मग खोटं का बोलला? मुलांचं उत्तर : तळ्यावर गेला होता, तिथे पाणीच नव्हतं, आणि हे कोल्ह्याला सांगायची लाज वाटली.

ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली जाहीर झालं, 2022 साली खाडीला रामसर दर्जा, म्हणजे जगात महत्त्वाची पाणथळ जागा असा मान मिळाला, आणि 2024 च्या उन्हाळ्यात सीवूड्सच्या तळ्याकाठी फ्लेमिंगो मेले. भरतीच्या पाण्याच्या वाटा बुजल्या होत्या, असं पर्यावरणवाद्यांनी सांगितलं. कथेकडे परत येऊ.

(दृश्य : मुलांनी काढलेला संशयितांचा तक्ता. त्यावर वाढवलेलं चौथं नाव.)

तक्त्यावर हे चौथं नाव निळ्या टी-शर्टवाल्याने घातलंय : कोल्हा. कारण तिवरांतला कोल्हा चिंबोऱ्या खातो, मग गुप्तहेरालाच वगळायचं कसं? ताई चाट पडल्या. मोठा गोंधळ झाला. ‘तो हिरो आहे!’ ‘मग काय झालं, भूक लागत नाही का त्याला?’ हा भाग आम्हाला फार आवडला, म्हणून तो थोडा लांबला असेल.

वाद मिटवला सुतळीने. पहिल्याच पानावर लिहिलंय की टोपलीत सुतळीचे तुकडे पडले होते आणि प्रत्येक टोकाला दोन दातांची जोडखूण होती. वाचकासमोर ठेवलेली खूण, कुणाच्या नजरेत न आलेली. बगळ्याला दात नाहीत. मुंगूस आणि कोल्हा सुळ्यांनी फाडतात. पुढचे दोन दात शेजारी-शेजारी लावून कुरतडणारी घूस, जी पुलाखालच्या गटारातून येते आणि जिच्याकडे आत्तापर्यंत कुणी पाहिलंही नव्हतं. नियम ताईंचा : खूण आधी, उलगडा नंतर. शेवटच्या पानावर खिशातून नवा साक्षीदार काढायचा नाही. घूससुद्धा म्हणूनच दुसऱ्या पानावरच्या चित्रात एका कोपऱ्यात आहे. मागे जाऊन बघा, शेपटी दिसेल.

(दृश्य : झेरॉक्स मशीनमधून निघणारी पानं. स्टेपलर. रंगवलेलं मुखपृष्ठ.)

पुस्तिका झेरॉक्सवर निघाली. सोसायटीत वाटली, थोडी शाळेत गेली. मुखपृष्ठावर कोल्हा आहे, टोपीशिवाय.

(दृश्य : येऊरच्या पायथ्याची संध्याकाळ. झाडाच्या ढोलीवर टॉर्चचा झोत.)

पुढची कथा ठाण्यात, येऊरच्या बाजूला घडणार. गुप्तहेर गव्हाणी घुबड. त्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा वर असतो, त्यामुळे आवाज एका कानाला किंचित आधी आणि वेगळा पोचतो आणि मिट्ट काळोखातसुद्धा उंदराची नेमकी जागा कळते. साक्षीदार सगळे झोपलेले, पुरावा फक्त आवाजाचा. मुलं खूश होती. मग दोन वेण्यांच्या मुलीने विचारलं, ‘पण मध्येच लोकल गेली तर त्याला ऐकू कसं येणार?’ पहिलं प्रकरण तिथेच अडकलंय, आणि आता मुलांना रेल्वेचं वेळापत्रक हवंय.