परीक्षा त्यांची, जेवण आपलं

तर मंडळी, महागड्या रेस्टॉरंटमधे आपण पैसे नक्की कशाचे देतो? माशाचे, बटरचे, क्रीमचे? थोडेसेच. या धंद्यातला जुना हिशोब असा की पदार्थाच्या किमतीत कच्च्या मालाचा वाटा साधारण ३० टक्के, बाकी सगळं पगार, भाडं, लाईट, आणि त्यातून काही उरलंच तर नफा. आता पगार काढा, भाडं काढा, नफ्याची अपेक्षाही काढून टाका. जे उरतं ते म्हणजे कलिनरी स्कूलचं, म्हणजे शेफ घडवणाऱ्या शाळेचं, रेस्टॉरंट.

स्वयंपाक करणारी पोरं तिथे पगार घेत नाहीत, उलट फी भरतात. जागा शाळेची. आणि रेस्टॉरंट हा धंदा नसून वर्ग आहे, गिऱ्हाईक आलं नाही तर वर्गच भरत नाही, म्हणजे आपण तिथे जेवायला जातो खरं पण एका अर्थी त्यांच्या प्रॅक्टिकलचं साहित्य असतो. मला यात काही कमीपणा वाटत नाही बुवा.

आणि गंमत बघा, फाइन डायनिंग म्हणजे शेवटी काय, तर हात. एका ताटामागे किती हात लागले त्यावर सगळं. बाहेर हात महाग म्हणून जेवण महाग, आणि इथे हातांना तोटाच नाही, कधीकधी किचनमधे टेबलांपेक्षा डोकी जास्त. हाडांचा स्टॉक म्हणजे अर्क तासन् तास मंद आचेवर ठेवणं, सॉस आटवणं, ब्रेड घरचा, आइस्क्रीम घरचं, हे बाहेर परवडत नाही म्हणून बरीच हॉटेलं तयार आणतात. इथे तयार आणून कसं चालेल, तेच तर शिकायचंय!

ही काही आजची टूम नाही. लंडनला वेस्टमिन्स्टरच्या कॉलेजात १९१० पासून स्वयंपाक शिकवतात, सुरुवातीला खुद्द शेफ एस्कॉफिए आणि हॉटेलवाले सेझार रिट्झ यांचा हात होता त्यात, आणि तिथल्या व्हिन्सेंट रूम्स या रेस्टॉरंटमधे आजही विद्यार्थीच रांधतात न् वाढतात. एस्कॉफिए म्हणजे ज्याने किचनला फौजेसारखी शिस्त लावली, सॉसवाला वेगळा, मासेवाला वेगळा, ती ब्रिगेड पद्धत. पॅरिसला फेरांदी ही शाळा आहे, १९२० ची, तिचीही रेस्टॉरंटं आहेत. अमेरिकेत कलिनरी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका १९४६ ला निघाली, महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना काहीतरी हुन्नर मिळावा म्हणून, १९७२ ला न्यूयॉर्क राज्यातल्या हाईड पार्क गावी गेली, न्यूयॉर्क शहरातून हडसन नदीच्या काठाने ट्रेनने जवळच्या पकीप्सीपर्यंत जाता येतं, शाळेतल्या एका रेस्टॉरंटला पॉल बोक्यूज या नामांकित फ्रेंच शेफचं नाव आहे. आणि स्वित्झर्लंडमधे लोझानच्या हॉटेल स्कूलच्या रेस्टॉरंटला तर मिशलिनचा स्टार, म्हणजे या धंद्यातला मोठा मान, मिळालाय, म्हणजे पोरांच्या हातचं म्हणून नाक मुरडायचं काम नाही.

आता माझा अनुभव. शाळेचं नाव नाही सांगत. टर्मचा पहिला आठवडा, आणि ही चूक माझीच, पहिल्या आठवड्यात जाऊ नये. पाणी ओतणाऱ्या मुलाचा हात असा थरथरत होता की ग्लास किणकिणत होता. माशाबरोबर हॉलंडेझ होतं, अंड्याचा बलक आणि बटर, आच जरा जास्त झाली किंवा बटर घाईने ओतलं की फाटलंच समजा. पासवर, म्हणजे तयार प्लेटा बाहेर जातात त्या कट्ट्यापाशी, उभ्या असलेल्या शेफबाईंनी माझी प्लेट उचलली, कडा फडक्याने पुसायला घेतल्या, थांबल्या, चमच्याने सॉस हलवून बघितला आणि एक शब्द न बोलता प्लेट परत आत सरकवली. मला मासा चाळीस मिनिटांनी मिळाला. पण काय सांगू, दुसऱ्यांदा केलेला तो सॉस, चमच्याच्या पाठीवर नुसता मखमलीसारखा बसला होता. आणि आतल्या दाराच्या काचेतून एक मुलगी, तिनेच केला असणार, मी पहिला घास घेईपर्यंत टक लावून बघत होती.

म्हणून सांगतो, घाई असेल तर जाऊ नका. तीनला मीटिंग असेल तर अजिबात नको. मेन्यू बहुतेक ठरलेला असतो, जे शिकवणं चाललंय तेच, ब्रेझिंगचा, म्हणजे थोड्या रसात मंद शिजवण्याचा, आठवडा असेल तर ब्रेझ खा. सुट्ट्यांमधे बंद. आज वाढणारा मुलगा पुढच्या आठवड्यात शेगडीपाशी असतो, त्यामुळे काल भारी होतं म्हणून आज असेलच असं नाही. टर्मच्या शेवटी गेलात तर हात बसलेले असतात, पण मग जागा मिळत नाही. टीप द्यायची की नाही ते आधी विचारा, प्रत्येक शाळेचं वेगळं. आणि अभिप्रायाचा कागद दिला तर “छान” लिहून उठू नका हो, मीठ कमी होतं तर मीठ कमी होतं असंच लिहा, त्या कागदासाठी तर तुम्हाला स्वस्तात बसवलंय!

जायच्या आधी फोन करा, कारण ही रेस्टॉरंटं बंदही पडतात, न्यूयॉर्कच्या सोहोतलं लेकोल, तेही असंच एका शाळेचं, किती नावाजलेलं होतं, गेलं. फोन एखादा विद्यार्थीच उचलेल. तुमचं नाव तीनदा विचारेल, मधेच “एक मिनिट हं” म्हणून कुणाला तरी काहीतरी विचारून येईल, आणि तारीख चुकीची लिहील. आपण परत एकदा सांगायची.