२५२ गरुडांखाली

(दृश्य: कॅमेरा छतावरून सावकाश सरकतो)

जरा मान वर करून बघा. लाकडाची तक्तपोशी, तिच्यात चौकटीला चौकट लागलेली, आणि प्रत्येक चौकटीत पंख पसरलेला काळा गरुड. एकूण २५२.

हे इंग्लंडमधलं नॉरिच. कॅथेड्रलच्या मागच्या अंगाला, वेन्सम नदीजवळ, ग्रेट हॉस्पिटल उभं आहे. बिशप वॉल्टर सफिल्ड यांनी १२४९ साली ते संत जाइल्सच्या नावानं सुरू केलं. नाव हॉस्पिटल, पण त्या काळी ते आपल्या धर्मशाळेसारखं होतं. थकलेल्या गरीब पाद्र्यांना आसरा, आजारी गरिबांसाठी ३० खाटा, शाळेतल्या ७ गरीब मुलांना जेवण, आणि रोज दाराशी येणाऱ्या १३ भुकेल्यांना अन्न. औषधापेक्षा भरवसा प्रार्थनेवर. म्हणून आजाऱ्यांचं दालन चर्चला लागूनच बांधलेलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्याही कानावर प्रार्थना पडावी, ही त्यामागची माया मला फार मोठी वाटते.

चर्चचा वेदीकडचा हा भाग चौदाव्या शतकाच्या अखेरीस नव्यानं बांधला. १३८३ मध्ये राजा दुसरा रिचर्ड आणि राणी ॲन नॉरिचला आले. ॲन पवित्र रोमन सम्राट चौथ्या चार्ल्सची मुलगी, आणि काळा गरुड ही सम्राटाची खूण. तिच्या मानासाठीच हे गरुड रंगवले, असं इथं पिढ्यानपिढ्या सांगतात.

(दृश्य: छोटं बंदिस्त अंगण, कमानी)

पुढे राजसत्तेनं धर्मसंस्था ताब्यात घेतल्या. १५४७ मध्ये हॉस्पिटल शहराकडे आलं आणि पाद्र्यांचा इथला काळ संपला.

शहरानं मात्र चर्च पाडलं नाही. मधला भाग उपासनेसाठी ठेवला. पश्चिमेकडे पुरुषांची सोय केली, वेदीच्या बाजूला बायकांची. त्यासाठी उंच दालनात मध्येच लाकडी मजला घातला. आपण आत्ता त्याच मजल्यावर उभे आहोत, म्हणून छत इतकं जवळ आलंय. राणीनं हे गरुड पाहिले असतील तर खालून, लांबून. इथल्या बायकांच्या ईगल वॉर्डातल्या, म्हणजे गरुडांच्या वॉर्डातल्या, म्हाताऱ्या बायकांना ते उशीवरून दिसत.

(दृश्य: लाकडी कप्पे, पलंग, खिडकीतला उजेड)

प्रत्येकीला असा एक कप्पा. ईगल वॉर्ड १९७० च्या दशकापर्यंत नांदता होता. आवारातल्या घरांत आजही वृद्ध माणसं राहतात.