क्लॉडेट जागची हलली नाही

खाकी कागदाची पिशवी जमिनीवर सपाट पसरायची, तिच्यावर पाय ठेवायचा आणि पेन्सिलने पायाच्या कडेकडेने रेघ ओढायची. मग ती पिशवी घेऊन दुकानात जायचं आणि सांगायचं, या मापाचा बूट द्या. कारण पायात घालून बघायची परवानगी फक्त गोऱ्या गिऱ्हाइकांना. हे आहे अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं मॉन्टगोमेरी शहर, आणि ही पिशवीची गोष्ट क्लॉडेट कोल्विनने पुढे स्वतःच सांगितलीय.

क्लॉडेट १५ वर्षांची. घर गरीब वस्तीत, शाळा काळ्या मुलांची वेगळी. आणि १९५५ च्या फेब्रुवारीत या शाळेत काहीतरी चाललं होतं जे मला तरी या सगळ्या गोष्टीचं मूळ वाटतं.

त्यासाठी थोडं मागे जाऊया. कार्टर वुडसन नावाचे एक इतिहासकार होते, आईवडील दोघंही गुलामीत जन्मलेले, स्वतः कोळशाच्या खाणीत काम करून मग शिकलेले, १९१२ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट. त्यांच्या लक्षात आलं की पुस्तकांमधून काळी माणसं गायबच आहेत, आणि ज्या मुलांना आपला इतिहासच माहीत नाही त्यांना कुणीही सांगू शकतं की तुमची जागा मागे. म्हणून १९२६ च्या फेब्रुवारीत त्यांनी एक आठवडा सुरू केला, काळ्या लोकांच्या इतिहासाचा. त्याचाच पुढे ब्लॅक हिस्टरी मंथ झाला. पण क्लॉडेटच्या शिक्षकांनी त्या वर्षी आठवड्यावर भागवलं नाही, सगळा फेब्रुवारी त्यातच घालवला.

मुलं काय शिकली? हॅरिएट टबमन, १८४९ मध्ये मेरीलँडमधल्या गुलामीतून पळून सुटली आणि सुटल्यावर गप्प बसली नाही, जीव धोक्यात घालून पुन्हा पुन्हा मागे गेली, साधारण ७० जणांना बाहेर काढलं. सोजर्नर ट्रुथ, तिचा लहान मुलगा बेकायदा विकून अलाबामात नेला होता, तर ही बाई सरळ कोर्टात गेली, गोऱ्या माणसाविरुद्ध, आणि १८२८ मध्ये मुलगा परत मिळवला. ज्या अलाबामात तो मुलगा विकला गेला, त्याच अलाबामात ही मुलं बाकावर बसून हे ऐकत होती.

मग आला २ मार्च. शाळा लवकर सुटली, क्लॉडेट मैत्रिणींबरोबर बसमध्ये चढली, खिडकीशी बसली. बस भरत गेली. एक गोरी बाई उभी राहिली, ड्रायव्हर ओरडला, त्या रांगेतल्या चौघी उठा. चौघी का, एकच बाई तर उभी होती? कारण गोऱ्या माणसाच्या रांगेत काळ्या माणसाने बसायचंच नाही. तिघी उठल्या. क्लॉडेट नाही उठली. पोलीस आले तेव्हा ती रडत होती, घाबरलेली होती, आणि तरी म्हणत होती की मी भाडं दिलंय, हा माझा घटनेने दिलेला हक्क आहे. ओढून बाहेर काढलं, बेड्या घातल्या, मोठ्यांच्या जेलमध्ये टाकलं. त्या रात्री तिचे वडील बंदूक घेऊन जागे राहिले.

का नाही उठलीस, असं तिला आयुष्यभर विचारलं गेलं. तिचं उत्तर ठरलेलं. एका खांद्यावर हॅरिएट टबमनचा हात होता, दुसऱ्यावर सोजर्नर ट्रुथचा, दोघी मला खाली दाबत होत्या, उठवतच नव्हतं.

प्रेरणा हा शब्द आपण इतका वापरतो की तो गुळगुळीत झालाय, जयंतीला हार घातला की झाली प्रेरणा. पण इथे बघा, महिनाभर शिकलेला धडा एका मुलीच्या खांद्यावर वजनासारखा बसला. असं वजन समुद्र ओलांडूनही येतं. जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा ती अर्पण केली अमेरिकेत काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहिलं, की तुमचे लोक युनोकडे जे निवेदन देतायत त्याच्या प्रती मला पाहिजेत. आणि १९७२ मध्ये मुंबईत पोरांनी संघटना काढली तर नाव ठेवलं दलित पँथर, अमेरिकेतल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर या काळ्या लोकांच्या संघटनेवरून. ही सगळी माणसं दुसऱ्याचा इतिहास कामाला लावायला म्हणून वाचत होती.

पुन्हा मॉन्टगोमेरीत येऊ, कारण पुढचा भाग सोपा नाहीये. क्लॉडेटला लढ्याचा चेहरा केलं नाही. वय कमी, रंग जास्त काळा, घर गरीब, नंतर ती गरोदर राहिली. पुढाऱ्यांना वाटलं ही चालणार नाही. मला हे सांगताना वाईट वाटतं पण ते झाकून ठेवणं जास्त वाईट. नऊ महिन्यांनी, १ डिसेंबरला, रोझा पार्क्स बसमध्ये अशाच उठल्या नाहीत आणि मग शहर पेटून उठलं. त्या काही नुसत्या दमलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाई नव्हत्या, १९४३ पासून काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचं काम करत होत्या, आणि क्लॉडेट ज्या युवक गटात जायची त्याच्या मार्गदर्शक त्याच होत्या. त्याच रात्री जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापक बाईंनी कॉलेजच्या सायक्लोस्टाईल मशीनवर बसवर बहिष्कार घाला अशी हजारो पत्रकं काढली, सकाळी वाटायला सुरुवात. जॉर्जिया गिलमोर स्वयंपाकीण, त्यांनी बायकांना जमवून चिकन आणि पाई नावाचा गोड पदार्थ विकून पैसे उभे केले. गटाचं नावच असं की कुणी विचारलं पैसे कुठून आले, तर उत्तर, कुठूनच नाही. ३८१ दिवस लोक पायी चालले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले.

पण बसमध्ये वेगळं बसवण्याचा कायदा रद्द झाला तो कोर्टात, आणि तिथे होती क्लॉडेट. चार बायकांनी केस लढली, ब्राउडर विरुद्ध गेल. ११ मे १९५६ ला ती साक्षीला उभी राहिली, घरी काही आठवड्यांचं बाळ. शहराच्या वकिलाला सिद्ध करायचं होतं की या लोकांना मार्टिन ल्यूथर किंगने फूस लावली. त्याने विचारलं, तुमचा नेता कोण? ती म्हणाली, आमचे नेते आम्हीच.

खालच्या कोर्टाने हा कायदा घटनेविरुद्ध ठरवला, नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम केला, २१ डिसेंबरला लोक पुन्हा बसमध्ये बसले, हव्या त्या सीटवर.

क्लॉडेट मात्र न्यूयॉर्कला गेली, नर्सिंग होममध्ये वर्षानुवर्षं काम केलं, फार कुणाला माहीत नव्हतं ही कोण. आज परिस्थिती अशी की २०२३ मध्ये फ्लोरिडाने काळ्या लोकांच्या इतिहासाचा एक हायस्कूलचा कोर्सच नाकारला. वुडसननी ज्याच्यासाठी जन्म घालवला त्यावरच पुन्हा भांडण.

आणि अजून एक. १९५५ मध्ये कोर्टाने त्या मुलीला बेमुदत देखरेखीखाली ठेवलं होतं. ती संपली असं कुणी कधी कळवलंच नाही. २०२१ मध्ये तिने, आता ती म्हणणं बरं नाही, क्लॉडेट कोल्विन ८२ वर्षांच्या होत्या, त्यांनी मॉन्टगोमेरीच्या कोर्टात अर्ज केला की माझ्या नावावरचा गुन्हा पुसा, माझ्या नातवंडा-पतवंडांना त्याचा अर्थ कळेल, इतर काळ्या मुलांनाही. अर्ज मंजूर झाला. ऑर्डरवर सही केली ती एका काळ्या न्यायाधीशाने, त्या बसनंतर ६६ वर्षांनी.