सूचना किती वेळा द्यायची?

(दृश्य: इंदूर. रात्रीचा सराफा, म्हणजे तिथली खाऊगल्ली. मग रामबागेतलं स्वयंपाकघर, ओट्यावर शेवेचा डबा.)

जेवण होऊन तास झालेला. भूक नाही, तरी हात डब्याकडे जातोच. इंदुरात कुणाची शेव सोडवायची म्हणजे संमोहनोपचार करणाऱ्याची कसोटीच!

सूचना म्हणजे संमोहनात मनाला पुन्हा पुन्हा सांगायचं वाक्य, आणि घोटाळा बहुतेकदा त्या वाक्यातच असतो. ‘शेव खायची नाही’ असं दहादा म्हटलं, तर दहादा शेवच डोळ्यांसमोर येते. आवृत्तीनं तीच पक्की होते. म्हणून वाक्य होकारार्थी, वर्तमानकाळातलं आणि एकाच सवयीपुरतं हवं: ‘ताट उचललं, पोट भरलंय, हात निवांत आहेत.’ शेव, सिगारेट आणि झोप एकाच बैठकीत घेतली, तर तिन्ही अर्धवट राहतात.

(दृश्य: खुर्चीत रेललेली व्यक्ती, सैल झालेली बोटं.)

आधी दहाएक मिनिटं अंग सैल सोडणं, श्वास लांबवणं. ही झोप नव्हे. आवाज ऐकू येत असतो. मग श्वास सुटताना सूचना, सावकाश, पाच-सहा वेळा. पण एकाच ठेक्यात नको. इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ मेरुखंडात तेच स्वर क्रम बदलून मांडत, तसं: एकदा सरळ वाक्य, एकदा गॅलरीतल्या गार हवेचं चित्र, एकदा पोटातली तृप्ती. नुसती घोकंपट्टी झाली की मन ऐकेनासं होतं. ‘ताट उचललं’ ही खूण मात्र दर वेळी तीच. ताट रोज उचललं जातंच, त्यामुळे उजळणीही रोज होते.

फ्रान्समधले औषधविक्रेते एमिल कुए (१८५७–१९२६) यांनी २० गाठींची दोरी सुचवली होती. जाग येताच आणि झोपण्यापूर्वी, एकेक गाठ सरकवत, तेच वाक्य २० वेळा पुटपुटायचं. गाठींमुळे मोजण्यात लक्ष अडकत नाही. जोर लावायचा नाही, हा त्यांचा आग्रह. इच्छा आणि कल्पना यांची जुंपली, तर कल्पनाच जिंकते, असं ते सांगत.

फरक दिसत नसेल, तर आवृत्त्या वाढवण्याआधी विचारा: ऐकताना डोळ्यांपुढे काय येतं? उत्तर ‘शेव’ असेल, तर वाक्य बदला. दिवसभर ‘मला नाही जमायचं’ चालू असेल, तर तीही सूचनाच, आणि तिच्या आवृत्त्या कितीतरी जास्त!

संमोहनाचा परिणाम सगळ्यांवर सारखा होत नाही. भास-भ्रम होत असतील, तर आधी मनोविकारतज्ज्ञ. घरी ऐकायचं रेकॉर्डिंग दहा मिनिटांचं पुरे. शेवटी एक ते पाच मोजून डोळे उघडायचे. गाडी चालवताना ते अजिबात लावू नये.