अर्ज करण्याआधीचे सहा महिने

(तालुक्याच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. सहकारी बँकेच्या कर्ज विभागात मी एकोणतीस वर्षं नोकरी केली. त्या टेबलावर एक गोष्ट रोज दिसायची. माणूस अर्ज घेऊन समोर यायचा तेव्हा त्याचा निकाल बहुतेक वेळा आधीच लागलेला असायचा. अर्जात काय लिहिलंय यापेक्षा मागच्या दोन-तीन वर्षांत हप्ते कसे भरले गेले, हे आम्ही आधी पाहायचो. म्हणून कुठलं क्रेडिट कार्ड घ्यावं हे मी आज सांगणार नाही. अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांबद्दल बोलणार आहे.

हल्ली घरोघरी हा विषय निघतो. कुणाला कार्डावर विमानतळाच्या लाउंजमध्ये जेवायला मिळतं, कुणाला खरेदीवर पैसे परत मिळतात, कुणी पॉइंट साठवून मुलीकडे बंगळुरूला विमानाने जाऊन येतं. ऐकणाऱ्याला वाटतं, आपणही घ्यावं. त्यात गैर काहीच नाही. पण चांगले रिवॉर्ड देणारी कार्डं मागेल त्याला मिळत नाहीत. क्रेडिट स्कोअर, म्हणजे आपली पत सांगणारा आकडा, साडेसातशेच्या पुढे असेल तर बोलणं पुढे सरकतं. त्याच्या बराच खाली असेल तर नकार येण्याचीच शक्यता जास्त, आणि त्या अर्जापायी झालेली चौकशी तुमच्या नावावर नोंदली जाते ती वेगळीच.

पूर्वी पत म्हणजे वाण्याच्या वहीतलं आपलं नाव. वाणी ओळखायचा, गाव ओळखायचं, तेवढं पुरायचं. आता ती वही चार कंपन्यांकडे आहे. सिबिल त्यातली सगळ्यांत जुनी, २००० सालची. बाकी तीन म्हणजे एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. या कंपन्यांसाठीचा कायदा २००५ चा. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. चौघींपैकी प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जांचा आणि कार्डांचा सगळा हिशेब, फुकट मिळतो, तो तुमचा हक्क आहे. आपला रिपोर्ट आपणच पाहिला म्हणून स्कोअर कमी होत नाही. ही भीती मी चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकली आहे, ती आजच सोडून द्या.

रिपोर्ट हातात आला की सगळे वरचा मोठा आकडा बघतात. तुम्ही खालच्या चौकटी बघा. प्रत्येक खात्याखाली महिन्यांची रांग असते, मागच्या छत्तीस महिन्यांपर्यंतची. ज्या महिन्यात पैसे वेळेवर गेले तिथे तीन शून्यं दिसतात, किंवा एसटीडी, म्हणजे स्टँडर्ड, लिहिलेलं असतं. उशीर झाला असेल तर तितक्या दिवसांचा आकडा असतो. ०३४ दिसलं तर ते पैसे चौतीस दिवस थकले होते. बोट ठेवून एकेक चौकट वाचा. अर्धा तास लागतो, पण तो अर्धा तास द्याच.

२०१९ साली माझ्याच रिपोर्टमध्ये मला अशी एक चौकट दिसली. नव्वदच्या पुढचा आकडा होता. खातं कुठलं तेच आधी कळेना. मग आठवलं, दोन वर्षांपूर्वी एका बँकेच्या माणसाने फार गळ घातली म्हणून कार्ड घेतलं होतं. एकदाही वापरलं नव्हतं. पहिलं वर्ष फी माफ होती. दुसऱ्या वर्षी ५०० रुपये फी लागली, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ५९०. मधल्या काळात माझा मोबाइल नंबर बदलला होता, त्यामुळे एकही मेसेज आला नाही. उशिराचा दंड, व्याज आणि त्यावर पुन्हा कर असं करत रक्कम चार हजारांच्या घरात गेली होती. लोकांच्या कर्जाचे कागद तपासणाऱ्या माणसाच्या नावावर ५९० रुपयांची थकबाकी! त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो, कपाटातली सगळी कार्डं बाहेर काढा आणि प्रत्येक बँकेत आपला आजचा नंबर आहे ना, ते बघा.

माझ्या बाबतीत ती नोंद खरीच होती, म्हणून पैसे भरले आणि वाट पाहिली. पण तुमच्या रिपोर्टमध्ये तुमचं नसलेलं कर्ज दिसलं, किंवा फिटलेलं कर्ज चालू दिसलं, तर गप्प बसू नका. एकसारखी नावं असली की असं होतं. बँकेकडे किंवा त्या कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळाली पाहिजे. रिझर्व्ह बँकेचा हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सप्टेंबर २०२२ पासून या चार कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत.

आता ज्या मुद्द्यावर सगळ्यांत जास्त माणसं अडतात तो सांगतो. आमच्या ओळखीच्या एक शिक्षिका आहेत. त्यांच्या कार्डाची मर्यादा ५०,००० रुपये. किराणा, मुलाची फी, विजेचं बिल, सगळं त्या कार्डावरच करायच्या. महिन्याला चव्वेचाळीस-पंचेचाळीस हजार व्हायचे, आणि शेवटच्या तारखेला पूर्ण बिल भरून मोकळ्या. एकदा माझ्याकडे आल्या, डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "काका, मी एक दिवस उशीर केला नाही कधी. मग माझा अर्ज का नाकारला?"

त्यांचा रिपोर्ट उघडला. सगळीकडे तीन शून्यं. पण मर्यादा ५०,००० आणि बाकी ४५,०००. बँक ठरावीक दिवशी ही माहिती त्या चार कंपन्यांकडे पाठवते. जानेवारी २०२५ मध्ये तर ती किमान दर पंधरवड्याला पाठवायचा नियम आला. त्या दिवशी जी बाकी दिसेल तीच नोंदली जाते. ताई नंतर सगळे पैसे भरणार आहेत, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. हाती असलेल्या उधारीतली नव्वद टक्के वापरून झालेला माणूस, एवढंच दिसतं.

बँकांच्या व्यवहारात तीस टक्क्यांचा अंदाज धरतात. म्हणजे ५०,००० च्या मर्यादेवर १५,००० च्या आत बाकी दिसावी. त्यासाठी खर्च कमी करायची गरज नाही, भरण्याची वेळ बदलायची. बिल तयार होण्याची वाट न पाहता मधेमधे भरत राहायचं. ताईंनी रविवार ठरवला. दर रविवारी संध्याकाळी आठवड्याचा खर्च बघायचा आणि मोबाइलवरून तितके पैसे कार्डात भरून टाकायचे. चार महिन्यांत त्यांचा स्कोअर साठेक गुणांनी वर आला. सगळ्यांचा तेवढाच वाढेल असं मी म्हणणार नाही, पण इतक्या लवकर हलणारी गोष्ट माझ्या पाहण्यात दुसरी नाही. बँक मर्यादा वाढवून देत असेल आणि खर्च वाढणार नाही याची खात्री असेल, तर तीही घ्या.

यालाच जोडून, नवं कार्ड हवं म्हणून जुनं बंद करू नका, विशेषतः ज्याला फी नाही ते. त्याची मर्यादाही जाते आणि जुनेपणाही. मात्र अधूनमधून शे-दोनशे रुपयांना वापरत राहा. वर्षभराहून जास्त काळ न वापरलेलं कार्ड बँक सूचना देऊन बंद करू शकते.

एकाच आठवड्यात चार-पाच बँकांकडे अर्ज करू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी तारखेसह नोंदली जाते, आणि पुढची बँक ते पाहून सावध होते. नकार आला तर कारण विचारा, आणि पुढचा अर्ज सहा महिन्यांनी.

जामीन राहण्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आपल्याकडे मेहुणा म्हणतो, शेजारी म्हणतो, "दाजी, फक्त सही करा." आपण करतो, नाही म्हणणं जड जातं. पण ते कर्ज जामीनदार म्हणून तुमच्याही रिपोर्टवर येतं. त्याने हप्ते थकवले की डाग तुमच्या नावालाही लागतो. माझ्या टेबलासमोर सख्खे भाऊ यावरून भांडलेले मी पाहिले आहेत. तुम्ही कुणाला जामीन असाल, तर दर तीन महिन्यांनी त्या कर्जाची स्थिती विचारा. वाईट वाटेल त्याला, वाटू द्या.

ज्यांनी कधी कर्जच घेतलं नाही, त्यांच्या स्कोअरच्या जागी उणे एक दिसू शकतं. त्यांनी एफडीवर मिळणारं कार्ड घ्यावं आणि थोडं थोडं वापरावं.

राहता राहिले रिवॉर्ड. समजा १०० रुपयांना एक पॉइंट मिळतो आणि पॉइंटची किंमत पंचवीस पैसे आहे. २०,००० च्या खरेदीवर २०० पॉइंट, म्हणजे ५० रुपये. तेच २०,००० थकवले, तर महिना साडेतीन टक्क्यांनी ७०० रुपये व्याज, त्यावर १२६ रुपये जीएसटी. पन्नास रुपयांसाठी आठशे सव्वीस गेले, आणि बाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. म्हणून ऑटो-डेबिटचा फॉर्म भरताना नीट बघा. तिथे दोन पर्याय असतात, टोटल अमाउंट ड्यू म्हणजे पूर्ण बिल, आणि मिनिमम अमाउंट ड्यू म्हणजे त्यातला कमीत कमी भरायचा भाग. खूण टोटलवरच करा. पूर्ण बिल भरणं जमत नसेल, तर रिवॉर्ड कार्डाचा विचार सध्या बाजूला ठेवा, हे मी कळकळीने सांगतो.

एक प्रश्न आला आहे. दुसऱ्या रांगेतल्या वहिनी विचारतात, यजमानांचं जुनं कार्ड बँकेने अर्ध्या पैशांत मिटवलं होतं, आता रिपोर्टवर सेटल्ड दिसतं, काय करायचं?

वहिनी, सेटल्ड म्हणजे बँकेने नुकसान सोसलं, असा त्याचा अर्थ दुसरी बँक घेते. पूर्ण फेड झाली की क्लोज्ड लिहिलं जातं. बँकेत जा आणि सोडून दिलेली रक्कम किती होती ते लेखी मागा. झेपत असेल तर ती भरा. भरण्याआधीच, नोंद क्लोज्ड करून देणार का, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. मग बेबाकी दाखला घ्या आणि महिन्याभराने रिपोर्ट पुन्हा काढा. तोवर यजमानांना नव्या कार्डाचा अर्ज करू देऊ नका. आणि जुनं तडजोडीचं पत्र घरात असेल तर आज रात्रीच शोधून ठेवा, बँकेत गेल्यावर पहिल्यांदा तेच मागतील.