हच

श्रोतेहो, नमस्कार.

१९७९ सालचा मार्च महिना. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या मुलांनी बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. पुढे जगप्रसिद्ध झालेला मॅजिक जॉन्सन त्या संघात होता आणि अख्खा देश टीव्हीला चिकटून बसला होता. त्याच विद्यापीठात मुलींचाही बास्केटबॉल संघ होता. तोच चेंडू, तेवढीच उंच बास्केट. पण बाहेरगावी सामन्याला निघाले, की जेवणाचा भत्ता मुलांना जास्त आणि मुलींना कमी. जणू मुलींना भूकच कमी लागते! राहण्या-जाण्याच्या सोयीतही तीच तऱ्हा. शेवटी त्या मुलींनी आपल्याच विद्यापीठाला कोर्टात खेचलं. तो खटला आजही एका खेळाडूच्या आडनावाने ओळखला जातो, हचिन्स. आज मला याच कॅरल हचिन्सबद्दल बोलायचं आहे. पुढे त्या मिशिगन स्टेटच्या नव्हे, तर मिशिगन विद्यापीठ या दुसऱ्याच विद्यापीठाच्या सॉफ्टबॉल (बेसबॉलसारखाच बॅट-चेंडूचा खेळ) संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या आणि ३८ मोसम त्या जागेवर राहिल्या.

मी स्वतः शाळेतल्या मुलींना सॉफ्टबॉल शिकवते. मे महिन्यातल्या एका स्पर्धेत मुलांचे सामने सकाळी सातला ठेवले होते आणि आमचे दुपारी एकला. बॅट उन्हात राहिली तर हात लावता येत नव्हता. माझी कॅचर, म्हणजे बॅट घेतलेल्या खेळाडूच्या मागे बसून चेंडू झेलणारी, अंगावर पॅड बांधून दोन तास उकिडवी बसली होती. मी आयोजकांकडे गेले, तर “मॅडम, ॲडजस्ट करा” असं उत्तर मिळालं आणि मी केलंही. म्हणूनच विशी-एकविशीच्या त्या मुलींनी ॲडजस्ट केलं नाही, याचं मला इतकं मोल वाटतं.

त्यांच्या पाठीशी एक कायदा होता. १९७२ साली अमेरिकेत झालेला हा कायदा ‘टायटल नाइन’ म्हणून ओळखला जातो. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, एवढंच त्यात म्हटलंय. मूळ इंग्रजी मजकूर अवघा ३७ शब्दांचा, आणि त्यात ‘खेळ’ हा शब्दसुद्धा नाही. पण कागदावरचा कायदा मैदानात आपोआप उतरत नाही, तो कुणीतरी मागावा लागतो. न्यायाधीशांनी भत्त्याबाबत तातडीचा हुकूम दिला. बाकीचा खटला मात्र रेंगाळला, आणि तोवर या मुली शिकून बाहेरही पडल्या होत्या.

हचिन्स सॉफ्टबॉलही खेळायच्या. शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा. तिथे खूप चेंडू येतात आणि विचार करायला वेळ नसतो. पहिल्याच वर्षी, १९७६ साली, त्यांच्या संघाने महिलांचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं होतं. शिक्षण संपल्यावर एक वर्ष फेरिस स्टेट विद्यापीठात प्रशिक्षक, मग मिशिगन विद्यापीठात सहायक, आणि १९८५ पासून मुख्य प्रशिक्षक.

आता मिशिगनचं हवामान लक्षात घ्या. सॉफ्टबॉलचा मोसम फेब्रुवारीत सुरू होतो आणि तेव्हा तिथे मैदानावर बर्फ असतो. कॅलिफोर्निया, ॲरिझोनाच्या मुली बाराही महिने उन्हात खेळतात. इकडे मिशिगनच्या मुली छपराखाली सराव करणार आणि पहिले काही आठवडे बॅगा उचलून दक्षिणेत, पश्चिमेत दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळत फिरणार. घरचा पहिला सामना कधी, तर मार्च सरत आल्यावर. सॉफ्टबॉल हा उन्हाच्या मुलखातला खेळ, उत्तरेतल्यांचं ते काम नव्हे, असं सगळेच धरून चालायचे. निकालही तेच सांगत होते. एनसीएए या अमेरिकन कॉलेजांच्या खेळ-संघटनेने १९८२ पासून सॉफ्टबॉलची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली, तेव्हापासून देशाच्या मधून वाहणाऱ्या मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या एकाही संघाच्या हाती करंडक लागला नव्हता.

हचिन्स यांना घाई नव्हती. राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी, जी ओक्लाहोमा सिटीत होते, तिथे संघ पहिल्यांदा पोचला १९९५ साली. पुढे पुन्हा पुन्हा पोचला आणि हात हलवत परतला.

मग आला जून २००५. समोर यूसीएलए, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाचा, आधीची सलग दोन वर्षं जिंकलेला संघ. तीन सामन्यांची अंतिम लढत. पहिला मिशिगन हरलं, दुसरा जिंकलं. तिसऱ्यात नेहमीचे सात डाव संपले तेव्हा १-१. आठवा गेला, नववा गेला. मिशिगनची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, जेनी रिटरचा हात थकला असेल, पण चेंडू पडत राहिले. दहाव्या डावात दोघी बेसवर असताना सामंथा फिंडले बॅट घेऊन उभी राहिली. कॉलेजातलं तिचं ते पहिलंच वर्ष. तिने चेंडू थेट कुंपणापलीकडे धाडला. तीन धावा, ४-१. नदीच्या पूर्वेकडे करंडक पहिल्यांदा गेला तो असा, हचिन्स मुख्य प्रशिक्षक झाल्यावर वीस वर्षांनी.

तो एकच राष्ट्रीय करंडक. २०१५ साली आणखी एकदा अंतिम लढतीच्या तिसऱ्या सामन्यापर्यंत गेल्या, तिथे फ्लोरिडाने हरवलं. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या प्रशिक्षक पॅटी गॅसोंनी त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त करंडक जिंकलेत. तरी माझ्या मनात हचिन्स यांची जागा वेगळी आहे. ३८ मोसमांत एकदाही विजयांपेक्षा पराभव जास्त झाले नाहीत. निवृत्त झाल्या तेव्हा नावावर १,७०७ विजय होते. तोवर अमेरिकन कॉलेज सॉफ्टबॉलच्या पहिल्या श्रेणीत कुणीच इतके सामने जिंकले नव्हते.

आणखी एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. १९७२ च्या सुमारास अमेरिकन कॉलेजांत मुलींच्या दहापैकी नऊ संघांना महिला शिकवत. कायदा आला, त्यामागून पैसा आला, पगार वाढले, आणि त्या जागांवर पुरुष आले. आज तिथे महिला निम्म्याहूनही कमी आहेत. मुलींना मैदान मिळालं आणि त्यांना शिकवणाऱ्या बायकांची शिट्टी गेली. हचिन्स हे जाहीरपणे बोलत राहिल्या. आणि नुसत्या बोलल्या नाहीत. बॉनी थॉल आणि जेनिफर ब्रंडेज या दोघी वर्षानुवर्षं त्यांच्या सहायक होत्या.

आमच्या मुली आम्हाला ‘मॅडम’ म्हणतात, मिशिगनच्या मुली त्यांना नुसतं ‘हच’ म्हणायच्या. ऑगस्ट २०२२ मध्ये हच निवृत्त झाल्या. जागा रिकामी झाली आणि बॉनी थॉल मुख्य प्रशिक्षक झाल्या. त्या हचच्याच हाताखाली खेळलेल्या, आणि मग जवळपास तीस वर्षं त्यांच्या शेजारी उभं राहून शिकवलेल्या.

नमस्कार.